मास्टर बूट रेकॉर्ड

मास्टर बूट रेकॉर्ड (संक्षेप: एमबीआर) ही संगणकाच्या हार्ड डिस्कवरील अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असणारी ५१२ बाइटांची नोंद होय. संगणक सुरू होताना संचालन प्रणालीपर्यंत, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचवणारा छोटा आज्ञासंच आणि डिस्कचे पार्टिशन कोठे सुरू होतात व किती मोठे आहेत हे सांगणारा तक्ता, असे या नोंदीचे दोन प्रमुख भाग असतात. ही पद्धत १९८३ साली प्रचारात आली आणि पुढील सुमारे तीन दशके व्यक्तिगत संगणकांवर तिचेच प्राबल्य राहिले. नव्या संगणकांमध्ये तिची जागा आता जीपीटी या पद्धतीने घेतली आहे. तथापि जुने संगणक, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व बाह्य डिस्क यांवर एमबीआर आजही आढळते.

एमबीआर बिघडल्यास संगणक सुरू होत नाही किंवा भरलेली डिस्क रिकामी दिसू लागते. परंतु वापरकर्त्याच्या फाइली या नोंदीत साठवलेल्या नसतात. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी प्रकरणे आपापल्या पानांवर असतात, तशीच ही स्थिती असते. म्हणून केवळ एमबीआर नष्ट झाल्याने माहिती नष्ट होत नाही. पुष्कळदा ती नष्ट होते ती त्यानंतर घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे किंवा संचालन प्रणालीच्या पुनर्स्थापनेमुळे.

संगणकाच्या आरंभणातील स्थान

संगणकाचे बटण दाबल्यापासून संचालन प्रणाली पडद्यावर येईपर्यंतच्या प्रक्रियेला आरंभण किंवा बूटिंग असे म्हणतात. या प्रक्रियेत एक टप्पा पूर्ण झाला की तो पुढच्या टप्प्याकडे सूत्रे सोपवतो. पारंपरिक बायॉस असलेल्या संगणकात हा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. मदरबोर्डवरील बायॉस स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी भागांची प्राथमिक तपासणी करते.
२. ठरलेल्या अग्रक्रमानुसार बायॉस एक डिस्क निवडते आणि तिचा पहिला सेक्टर स्मृतीत आणून त्यातील आज्ञा चालवते. हा सेक्टर म्हणजेच एमबीआर.
३. एमबीआरमधील आज्ञासंच तक्त्यात 'सक्रिय' अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो आणि त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर चालवतो.
४. पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमधील आज्ञा संचालन प्रणालीची आरंभक फाइल शोधतात. विंडोज एक्सपीपर्यंत ही फाइल एनटीएलडीआर होती. विंडोज व्हिस्टापासून ती बूटएमजीआर आहे.
५. आरंभक फाइल संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणते.

लिनक्समध्ये ग्रब हा आरंभक वापरला जात असल्यास तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांत फरक पडतो. ग्रबचा पहिला अंश एमबीआरमध्ये असतो, तर त्यापुढील अंश सामान्यतः एमबीआर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधील मोकळ्या जागेत ठेवलेला असतो.

रचना

एमबीआरच्या ५१२ बाइटांची वाटणी पुढीलप्रमाणे असते.

पहिले ४४६ बाइट: आरंभक आज्ञासंचाची जागा. विंडोजच्या पद्धतीत यातील शेवटच्या सहा बाइटांपैकी चार बाइटांमध्ये डिस्कची ओळखखूण असते. एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर केली असता दोन्ही डिस्कची ओळखखूण सारखीच होते आणि दोन्ही एकाच संगणकाला जोडल्यास विंडोज त्यांपैकी एक डिस्क बंद ठेवते.

पुढील ६४ बाइट: पार्टिशन तक्ता. यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत पार्टिशन सक्रिय आहे की नाही, त्याचा प्रकार, आरंभस्थान आणि एकूण सेक्टर यांची माहिती असते. प्रकार षोडशमान पद्धतीतील अंकांनी दर्शवतात. उदाहरणार्थ, विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनसाठी ०७ आणि लिनक्सच्या पार्टिशनसाठी ८३.

शेवटचे २ बाइट: षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए ही ठरावीक खूण. ती आढळली नाही, तर हा सेक्टर आरंभणायोग्य नाही असे मानले जाते.

तक्त्यात चारच नोंदी मावत असल्यामुळे एका डिस्कवर चारच प्राथमिक पार्टिशन करता येतात. अधिक हवी असल्यास त्यांपैकी एक 'विस्तारित' करून त्याच्या पोटात तार्किक पार्टिशन निर्माण करतात. तार्किक पार्टिशनांच्या नोंदी साखळीप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे मधली एखादी कडी तुटल्यास तिच्यापुढील सर्व पार्टिशन दिसेनाशी होतात.

इतिहास

आयबीएम कंपनीचा पहिला व्यक्तिगत संगणक १९८१ साली बाजारात आला. त्यात फ्लॉपी डिस्क वापरली जात असे आणि फ्लॉपीची विभागणी करण्याचे कारण नव्हते. मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटी या प्रारूपात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. त्याच सुमारास आलेल्या पीसी डॉस २.० या संचालन प्रणालीने हार्ड डिस्कचे पार्टिशन करण्याची सोय आणि तिच्यासोबत एमबीआरची रचना आणली. एकाच डिस्कवर एकाहून अधिक संचालन प्रणाली नांदाव्यात, हा या रचनेचा एक हेतू होता.

मर्यादा आणि जीपीटी

तक्त्यातील आरंभस्थान व सेक्टरांची संख्या लिहिण्यासाठी प्रत्येकी ३२ बिट दिलेले आहेत. त्यांत ४,२९,४९,६७,२९६ एवढ्याच वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात. ५१२ बाइटांचा सेक्टर धरल्यास ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट होते. २०१०च्या सुमारास ३ टेराबाइटच्या डिस्क विक्रीस आल्या, तेव्हा ही मर्यादा प्रत्यक्षात जाणवू लागली. काही जुन्या संगणकांवर अशी डिस्क केवळ ७४६ जीबीची दिसे. कारण गणना मर्यादेपाशी संपून पुन्हा शून्यापासून सुरू होत असे.

बायॉसला पर्याय म्हणून इंटेलने विकसित केलेल्या आणि पुढे यूईएफआय या नावाने प्रमाणित झालेल्या व्यवस्थेत जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात सामान्यतः १२८ पार्टिशनांची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि तक्त्यात बिघाड झाला आहे का, हे ओळखण्यासाठी तपासणी-संख्या असते. एमबीआरमध्ये यांपैकी कोणतेही संरक्षण नाही. जीपीटी डिस्कच्याही पहिल्या सेक्टरमध्ये एक संरक्षक एमबीआर ठेवलेले असते. जुन्या साधनांना डिस्क रिकामी वाटून त्यांनी तिच्यावर लेखन करू नये, एवढाच त्याचा उद्देश असतो.

बिघाडाची लक्षणे आणि निदान

आरंभण टप्प्याटप्प्याने होत असल्यामुळे पडद्यावर उमटलेल्या संदेशावरून सूत्रे कोठपर्यंत पोहोचली होती, हे कळू शकते. दुरुस्ती त्याच टप्प्यावर करावी लागते.

डिस्क बायॉसच्या यादीतच नसणे: हा एमबीआरचा दोष नव्हे. सैल झालेली केबल, वीजपुरवठा किंवा डिस्कचा यांत्रिक बिघाड ही येथे संभाव्य कारणे असतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास ती पुन्हा पुन्हा सुरू करण्याने हानी वाढू शकते.

'नो बूटेबल डिव्हाइस': संगणकाला आरंभणायोग्य डिस्क सापडलेली नसते. अग्रक्रम बदललेला असणे किंवा बायॉस आणि यूईएफआय यांपैकी चुकीची रीत निवडली जाणे, ही नेहमीची कारणे होत. बंद संगणक सुरू करताना प्रत्येक वेळी तारीख व वेळही चुकत असल्यास मदरबोर्डवरील घड्याळाचा सेल संपल्याची शक्यता अधिक असते. सेल संपल्यावर बायॉसमधील निवडी मूळपदावर जातात.

'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' किंवा 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम': हे संदेश एमबीआरमधील आज्ञासंचच देतो. तक्त्यात एकाहून अधिक पार्टिशन सक्रिय असल्यास पहिला, तर सक्रिय पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरवर योग्य खूण नसल्यास दुसरा संदेश उमटतो.

'बूटएमजीआर इज मिसिंग' किंवा 'एनटीएलडीआर इज मिसिंग': येथे एमबीआरने आपले काम पार पाडलेले असते. दोष सक्रिय पार्टिशनमध्ये असतो, म्हणून एमबीआर पुन्हा लिहिण्याने सामान्यतः लाभ होत नाही.

'ग्रब रेस्क्यू' अशी ओळ: ग्रबचा प्रारंभीचा अंश चालू झाला, परंतु त्याचे उर्वरित भाग ज्या पार्टिशनमध्ये होते ते त्याला सापडले नाही. विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसून टाकल्यावर ही स्थिती हमखास उद्भवते.

निळा पडदा व '७बी' हा दोषांक: विंडोजचा गाभा चालू झाला, पण त्याला डिस्कपर्यंत पोहोचता आले नाही. बायॉसमध्ये डिस्क हाताळण्याची रीत आयडीईऐवजी एएचसीआय केल्यास असे घडू शकते. ती रीत पूर्ववत केल्यास संगणक पुन्हा सुरू होतो.

संचालन प्रणाली स्थापित करताना येणाऱ्या अडचणी

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असल्यास एमबीआर पद्धतीत आधी विंडोज व नंतर लिनक्स स्थापित करण्याचा प्रघात आहे. विंडोज स्थापित होताना एमबीआरमध्ये स्वतःचा आज्ञासंच लिहिते. त्यामुळे तेथे आधीपासून असलेला ग्रब पुसला जातो आणि लिनक्स निवडण्याची यादी दिसत नाही. लिनक्सचे पार्टिशन मात्र शाबूत असते; लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसवला की यादी परत येते.

निवडलेल्या डिस्कवर एमबीआर तक्ता असल्याने तेथे विंडोज स्थापित करता येत नाही, असा संदेश कधीकधी येतो. याचा अर्थ डिस्क खराब आहे असा नसतो. स्थापनेचा पेन ड्राइव्ह यूईएफआय रीतीने सुरू झालेला असतो आणि त्या रीतीत विंडोजला जीपीटी डिस्क लागते. यावर अनेकदा डिस्कपार्ट या साधनातील 'क्लीन' ही आज्ञा सुचवली जाते. ती आज्ञा एखादे पार्टिशन नव्हे, तर निवडलेल्या संपूर्ण डिस्कचा तक्ता पुसते. साहजिकच 'सी' पार्टिशनबरोबर 'डी'मधील छायाचित्रे व कागदपत्रेही दिसेनाशी होतात. संगणकात सोय असल्यास पेन ड्राइव्ह जुन्या बायॉस रीतीने सुरू करणे, हा सौम्य उपाय होय. चालू स्थितीतील विंडोज १०च्या डिस्कवर एमबीआर२जीपीटी हे साधन फाइली न पुसता रूपांतर करू शकते. मात्र त्यासाठी प्राथमिक पार्टिशन तीनपेक्षा अधिक नसावी लागतात.

इंटेलच्या अलीकडच्या काही लॅपटॉपांमध्ये स्थापना करताना डिस्क यादीत दिसतच नाही. तेथे पार्टिशनचा दोष नसून डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर स्थापनेच्या वेळी द्यावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम

डिस्कवर महत्त्वाची माहिती असेल, तर दुरुस्तीपूर्वी तिची प्रत काढणे हा पहिला टप्पा मानला जातो. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास डिस्कवर काहीही न लिहिता फाइली वाचता येतात व दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. डिस्कचे काही सेक्टर वाचले जात नसतील, तर डीडीरेस्क्यू हे मुक्त साधन आधी सुस्थितीतील भागाची प्रत करते आणि अडलेल्या भागाकडे नंतर वळते.

केवळ आज्ञासंच बिघडला असल्यास विंडोजच्या दुरुस्ती विभागातील बूटरेक या आज्ञेचा 'फिक्सएमबीआर' हा पर्याय वापरतात. तो पार्टिशन तक्त्याला हात लावत नाही. यास दोन अपवाद ध्यानात घ्यावे लागतात. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणाऱ्या काही प्रणालींचा आरंभकही एमबीआरमध्येच असतो. तो पुसला गेल्यास त्या प्रणालीची बचाव-डिस्क लागते. तसेच यूईएफआय रीतीने सुरू होणाऱ्या जीपीटी डिस्कवर हा पर्याय निरुपयोगी ठरतो, कारण त्या रीतीत एमबीआरमधील आज्ञा चालवल्याच जात नाहीत.

पार्टिशन तक्ताच नष्ट झाला असल्यास टेस्टडिस्क हे मुक्त साधन संपूर्ण डिस्क तपासून पार्टिशनांचे आरंभ ओळखते आणि सापडलेल्या पार्टिशनांमधील फाइलींची यादी दाखवते. ती यादी पडताळल्यानंतरच नवा तक्ता लिहिणे सुरक्षित असते. अशा डिस्कबाबत विंडोज 'डिस्क इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारते. इनिशियलाइज केल्याने नवा तक्ता लिहिला जातो, तर फॉरमॅट केल्याने पार्टिशनमधील फाइलींची व्यवस्थाच नव्याने मांडली जाते. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर हा धोका अधिक असतो. कारण फॉरमॅटनंतर ट्रिम या आज्ञेमुळे जुना मजकूर कायमचा पुसला जाऊ शकतो.

संगणक-विषाणू आणि एमबीआर

संचालन प्रणालीच्या आधी चालत असल्यामुळे एमबीआर हे विषाणूंचे जुने लक्ष्य आहे. १९८७ सालचा स्टोन्ड आणि १९९१ साली आढळलेला, ६ मार्च या दिवशी सक्रिय होणारा मायकेलअँजेलो हे फ्लॉपीवाटे पसरून एमबीआरमध्ये ठाण मांडत. २०१२ साली शमून या विषाणूने सौदी अरेबियातील अरामको कंपनीच्या हजारो संगणकांचे एमबीआर नष्ट केले. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या विषाणूने एमबीआर बदलून टाकले. त्याची झळ मर्स्क या नौवहन समूहास बसली आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. नॉटपेट्या फाइलींची मूळ सूचीही कूटबद्ध करत असे. म्हणून तेथे केवळ एमबीआर दुरुस्त करणे पुरेसे नव्हते. इतरत्र जपलेल्या प्रतींवरच विसंबावे लागले.

प्रतिबंध

एमबीआर अवघे ५१२ बाइटांचे असल्याने त्याची प्रत सहज ठेवता येते. मात्र प्रत काढल्यानंतर पार्टिशन बदलली असतील, तर पूर्ण ५१२ बाइट परत लिहिल्यास जुना तक्ता नव्या डिस्करचनेवर लादला जातो. अशा वेळी फक्त आज्ञासंचाचा भाग परत लिहितात. शिवाय एमबीआरची प्रत ही फाइलींची प्रत नव्हे. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रतीही डिस्क बिघडल्यावर उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे संचालन प्रणाली स्थापित करण्यापूर्वी किंवा पार्टिशनचा आकार बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते व ती उघडते याची खात्री करून मगच ती डिस्क संगणकापासून अलग केली जाते.