अपघाताचा दावा, सहा महिने आणि टक्केवारी

कराडात कुणाच्या घरी अपघात झाला की दिवस व्हायच्या आतच दोन प्रश्न निघतात. वकील कोण द्यायचा? आणि टक्के किती घेणार? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा कायद्यात बसतच नाही, तरी पुणे-बंगळूर हायवेच्या दोन्ही अंगांना सर्रास विचारला जातो. हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

1855 च्या कायद्यानं मयताच्या बायकोला, नवऱ्याला, आईबापाला, पोरांना भरपाई मागायचा हक्क दिला. पण दिवाणी कोर्टात, आणि मागाल त्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी आधी भरून! कर्ता माणूस गेलेल्या घरानं ती आणायची कुठनं? पुढं 1939 चा मोटार वाहन कायदा आला, 1946 पासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला आणि 1956 च्या दुरुस्तीनं या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं.

तरी गोम राहिलीच. 1977 मध्ये मुंबईच्या मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चालकाची चूक सिद्ध करा. आता रात्री दोनला हायवेवर साक्षीदार कोण असतो? 1982 मध्ये दुरुस्ती झाली: चूक कुणाचीही असो, मृत्यूला 15,000 आणि कायम अपंगत्वाला 7,500 रुपये. रक्कम तुटपुंजी, पण चूक सिद्ध न करता मिळणारी.

माझ्या मते खरा बदल 1994 चा. त्याआधी दावा अपघात झाला तिथंच लावायचा, तोही सहा महिन्यांत. म्हणजे पाटण खोऱ्यातला माथाडी मुंबईत ट्रकखाली गेला, तर गावाकडच्या म्हातारीनं मुंबईच्या कोर्टात खेपा घालायच्या. नोव्हेंबर 1994 पासून राहत्या ठिकाणी दावा लावता येऊ लागला आणि मुदतही गेली. म्हणून आज मुंबईतल्या अपघाताचा दावा कराडच्या न्यायाधिकरणापुढं चालू शकतो.

ती सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून परत आली. सहा महिने म्हणजे काय, ते हाडाचं दोनदा ऑपरेशन झालेल्याला विचारा. या तरतुदीला आव्हान दिलंय आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिलाय की केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका. अंतिम निकाल बाकी आहे, तेव्हा निवांत बसू नका.

आता टक्केवारी. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलानं वसुलीतला निम्मा वाटा घ्यायचा करार केला होता. हायकोर्टानं त्याला निलंबित केलं आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते गैरवर्तनच ठरवलं. बार कौन्सिलचा नियम आजही तोच आहे: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या पैशात वाटा घ्यायचा नाही. अमेरिकेत अशा केसेस टक्क्यांवरच चालतात, आपल्याकडं मनाई आहे. पण खरं बोलायचं तर हातात दमडी नसलेल्या माणसाला टक्केवारीच परवडते, म्हणून ती चालते. भरपाई मुदत ठेवीत ठेवायचे आदेश होतात, तेही पैसे मधल्यामधे कुणी खाऊ नयेत म्हणूनच. विधी सेवा कायदा 1995 पासून लागू आहे. स्त्रिया, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडं मागायचा. किती विधवांना हे माहीत आहे?

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. ऊसतोडीची माणसं ट्रॉलीत बसून जातात. मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं आशा राणी प्रकरणात 2002 मध्ये ठरलं. ती माणसं प्रवासी होती की गाडीवरचे मजूर, एवढ्या एका मुद्द्यावर दावा उभा राहतो किंवा पडतो. आणि तो पुरावा पहिल्या आठवड्यातल्या जबाबात असतो. म्हणून जबाब देण्याआधी वकील गाठा, नंतर नाही.

निकाल पटला नाही तर अपिलाला इतकी वर्षं मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगली त्यातच येतात. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी.