किण्वाच्या पेशीतील दुरुस्ती

आमच्या सीमाभागात पाव घरोघरी येतो आणि पलीकडे गोव्यात तर पोदेराशिवाय सकाळ होत नाही. पूर्वी हे पोदेर माडी घालून पीठ फुगवीत. ते काम करणारे किण्व, म्हणजे यीस्ट, हा एका पेशीचा जीव. आनुवंशिकतेच्या इतिहासात या क्षुद्र जीवाची कामगिरी थोर आहे.

१९७८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स व फिंक यांनी ल्यूसीन हे अमिनो आम्ल बनवू न शकणाऱ्या किण्वात त्यासाठी लागणारे जनुक बाहेरून घातले. ल्यूसीन नसलेल्या अन्नावरही काही पेशी वाढू लागल्या. तपासता, नवे जनुक पुष्कळदा गुणसूत्रावरील आपल्या मूळ जागीच बसलेले आढळले. ती जागा त्याला सापडली कशी? आम्ही शिक्षक वहीतला चुकलेला शब्द मागच्यापुढच्या शब्दांवरून हुडकतो, तसेच इथे घडते. डीएनएचा मजकूर जिथे जुळतो, तिथे पेशी तो तुकडा जोडून घेते.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या शेरर व डेव्हिस यांनी गुणसूत्रातला मूळ मजकूर काढून त्या जागी बदललेला बसवला. पण त्या रीतीला दोन पायऱ्या लागत. १९८१ मध्ये ऑर-वीव्हर, शोस्टाक व रॉथस्टीन यांनी दाखवले की, डीएनएचे वर्तुळ आधी कापून दिले तर जोडणीचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. तुटलेले टोकच आपला जोडीदार शोधते! त्यावरून रॉथस्टीन यांनी १९८३ मध्ये एकाच पायरीत जनुक मोडण्याची रीत दिली. १९९३ च्या सुमारास टोकांना चाळीसेक अक्षरे जुळली तरी पुरतात, हेही कळले.

१९९६ मध्ये किण्वाची सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे वाचून झाली. जनुके निघाली ६००० च्या आसपास. मग अनेक प्रयोगशाळांनी मिळून एकेक जनुक काढून पाहिले. २००२ पर्यंत ते काम जवळजवळ पुरे झाले. सुमारे पाचांतले एक जनुक असे, की ते काढताच पेशी जगेना. बाकीची बहुतेक काढली तरी, चांगले अन्न असता, फारसे बिघडले नाही. मग ती निरुपयोगी म्हणायची काय? २००८ च्या एका संशोधनात शेकडो निरनिराळ्या रसायनांत व परिस्थितींत या पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक जनुकाची उणीव कुठे ना कुठे जाणवली.

हे मी वाचले तेव्हा वार्षिक परीक्षा नुकतीच संपली होती. नववीतल्या एका मुलाच्या नावापुढे ‘याच्याकडून काही होणार नाही’ असा शेरा मी लिहून ठेवला होता. त्याला आम्ही एकाच तऱ्हेच्या प्रश्नपत्रिकेवर पारखले होते. तो शेरा मी खोडला.