स्विचिंग वीजपुरवठ्यातील विद्युत्-गोंगाट : दोषशोधनाचा इतिहास

स्विचिंग वीजपुरवठ्यातून निघणारा विद्युत्-गोंगाट ट्रान्झिस्टरच्या युगाबरोबर जन्मास आला, असा समज रूढ आहे. तो इतिहासास धरून नाही. १९३० नंतरच्या दशकात मोटारीतील रेडिओस बॅटरीच्या ६ व्होल्टांपासून उच्च दाब मिळवून देण्याकरिता ‘व्हायब्रेटर’ योजीत असत. त्याची कंप पावणारी पट्टी सेकंदास सुमारे ११५ वेळा प्रवाह जोडी व तोडी. त्या वेळी पडणाऱ्या ठिणगीची खरखर त्याच रेडिओत ऐकू येई. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यावर कंडेन्सर, बॅटरीच्या तारेत चोक आणि व्हायब्रेटरभोवती धातूचा डबा, हे तत्कालीन उपाय होत. दोष उगमापाशीच कोंडावा, हे त्यांमागील सूत्र होते.

पुढे ट्रान्झिस्टर आला व ठिणगी गेली; गोंगाट मात्र राहिला. १९७० नंतरच्या दशकात घरातील विजेचा उच्च दाब सिलिकॉन ट्रान्झिस्टरने सेकंदास २०,००० वा अधिक वेळा तोडणे व्यवहार्य ठरले. १९७७ साली ‘ॲपल २’ या संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला असा हलका पुरवठा आला आणि हे तंत्र घरोघर शिरू लागले. आता उपद्रव शेजाऱ्याच्या रेडिओसही होऊ शकत होता. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ साली संगणकीय उपकरणांच्या गोंगाटावर मर्यादा घातल्या. घरगुती उपकरणांसाठी त्या अधिक कडक होत्या.

या काळात दोषशोधनाची दृष्टीच पालटावी लागली. विजेच्या दोन तारांमध्ये कंडेन्सर जोडूनही गोंगाट हटत नसे. ट्रान्झिस्टरचे कवच व त्यास थंड राखणारा धातूचा पत्रा यांमध्ये अभ्रकाची पातळ चकती असते. तिघांचा मिळून एक अनाहूत कंडेन्सर होतो. त्याची धारिता १०० पिकोफॅरड असून दाब ०.१ मायक्रोसेकंदात ३०० व्होल्टांनी बदलला, तर क्षणमात्र ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह सांगाडा व भूमी यांमार्गे जाऊन दोन्ही तारांतून एकाच दिशेने परततो. म्हणून तारांमधील कंडेन्सर त्यास अडवू शकत नाही. दोन्ही तारा एकत्रच प्रवाहमापकाच्या कड्यातून नेल्या असता नेहमीचा प्रवाह परस्परांस छेदतो आणि हा चोरटा प्रवाह तेवढा उघड होतो.

तार व भूमी यांमध्ये मोठा कंडेन्सर जोडणे हा उपाय सोपा, परंतु धोक्याचा होय. भूमीची तार तुटल्यास त्याचा प्रवाह उपकरणास स्पर्श करणाऱ्याच्या देहातून जाईल. म्हणून तेथे लहानच कंडेन्सर चालतो. उरलेले कार्य दोन्ही तारा एकाच गाभ्यावर गुंडाळलेल्या चोकने, तसेच ट्रान्झिस्टर व पत्रा यांमध्ये घालून मंडलास परत जोडलेल्या धातूच्या पडद्याने साधावे लागते. हा पडदा प्रवाहास भूमीकडे जाण्यापूर्वीच उगमाकडे वळवितो. व्हायब्रेटरच्या डब्यामागील सूत्र येथे पुन्हा भेटते. मात्र आता कोंडावयाची असते ती ठिणगी नव्हे, तर प्रवाहाची परतीची वाट.