लाल रंगाची मुळे

इंदूरकडून येणारा रस्ता उज्जैनमध्ये ज्या नानाखेडा भागातून शिरतो, त्याच दक्षिण बाजूला त्रिवेणी संगमावर कान्ह नदी क्षिप्रेला मिळते; तेथून उत्तरेकडे, घाट आणि काळभैरवाचे मंदिर ओलांडल्यावर, भैरवगड अथवा स्थानिक उच्चारात भेरूगढ ही कापड रंगवणाऱ्या व छापणाऱ्या छीपा कारागिरांची वस्ती लागते. या वस्तीतील लाल रंगाचा इतिहास हा एका अर्थाने क्षिप्रेच्या पाण्याचाही इतिहास आहे.

शिंद्यांची राजधानी 1810 मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक दशके, माळव्यातील लाल रंग आलच्या झाडापासून मिळत असे. हे झाड महाराष्ट्रात बारतोंडी म्हणून ओळखले जाते. त्याच्या मुळ्या, विशेषतः बारीक मुळ्या, खणून कुटल्या जात व तुरटी लावलेले कापड त्यांच्या काढ्यात उकळले जाई. काम वेळखाऊ होते, परंतु नदीत जे धुऊन जाई ते बहुतांशी वनस्पतीचा चोथा आणि तुरटी एवढेच असे.

त्याच काळात युरोपात 1834 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मित्शरलिखने बेंझिनवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून नायट्रोबेंझिन बनवले आणि 1842 मध्ये झिनिनने त्यापासून ॲनिलीन मिळवले. बेंझिनच्या सहा कार्बनी कड्याला नायट्रोजनचा एक व ऑक्सिजनचे दोन अणू मिळून झालेला नायट्रो गट जोडला गेला की त्या संयुगाला नायट्रोॲरोमॅटिक म्हणतात. कृत्रिम रंगांचा मोठा भाग या कुळातून निघाला. 1869 मध्ये ॲलिझरिन हे लाल रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार झाले आणि आलचा बाजार हळूहळू बसत गेला. 1880 मध्ये पॅरानायट्रोॲनिलीन व बीटा-नॅफ्थॉल यांच्या संयोगातून थेट धाग्यावरच लाल रंग घडवण्याची युक्ती इंग्लंडात निघाली, आणि 1912 च्या सुमारास जर्मनीत आलेल्या नॅफ्थॉल एएस या घटकाने ती अधिक पक्की केली.

भेरूगढच्या बाटिकाला, म्हणजे मेण लावून केलेल्या छपाईला, ही रीत विशेष मानवली, याचे कारण मेण. मेणाने झाकलेले कापड गरम रंगात बुडवता येत नाही, कारण मेण वितळते. नॅफ्थॉलचा रंग मात्र थंड पाण्यात चढतो. आधी कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या नॅफ्थॉलमध्ये आणि नंतर बेसच्या द्रावणात कापड बुडवले की रंग क्षणात उमटतो. ज्याला रंगारी बेस म्हणतात, त्यातील अनेक लाल व शेंदरी प्रकार हे नायट्रोॲनिलिनाचेच भाईबंद आहेत, आणि ते हाताने कालवले जातात तेव्हा धोका प्रथम हातालाच पोचतो. पॅरानायट्रोॲनिलीन त्वचेतून शोषले जाते व रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाचे असे रूपांतर करते की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. ओठ व नखे निळसर पडणे ही मेथिमोग्लोबिनता नावाच्या या विकाराची खूण होय. रंगांच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळतो, याकडे फ्रँकफुर्टचा शल्यविशारद लुडविग रेन याने 1895 मध्येच लक्ष वेधले होते, मात्र त्याचे मुख्य कारण पुढे बेंझिडीन व बीटा-नॅफ्थिलअमाइन ही अमाइने ठरली. भारतात अशा अमाइनांशी निगडित रंगांच्या हाताळणीवर 1990 च्या दशकात बंदी आली. तोवर शतक उलटत आले होते, आणि हा विलंब क्षम्य मानता येत नाही.

धुण्याच्या पाण्यातून हा धोका नदीतही जातो. नायट्रो गट कड्यातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंना ते कडे फोडणे अवघड जाते. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात मात्र त्याच गटाचे अमाइनमध्ये रूपांतर होऊ शकते, म्हणजे एक विष जाऊन दुसरे उरते. पावसाळा सरल्यावर क्षिप्रेला स्वतःचे पाणी फारसे राहत नाही. म्हणूनच 2014 मध्ये नर्मदेचे पाणी तिच्यात सोडावे लागले. इतक्या क्षीण प्रवाहात धुण्याचे पाणी पातळ होण्यास वाव थोडा.

उज्जैन बाटिक छपाईला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते रास्तच होते; कारागिरीचा मान राखताना कारागिराच्या हातमोज्यांची आणि धुण्याच्या पाण्याची सोय करणे हे त्याच मानाचे अंग आहे. 2016 च्या सिंहस्थापूर्वी इंदूरचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या कान्हेचा प्रवाह त्रिवेणीच्या वर अडवून बंद नळातून कालियादेह महालाजवळ खाली सोडण्याची योजना झाली. तिचा हेतू स्नानाचे घाट वाचवणे हा होता. ते पाणी मात्र भेरूगढच्याही खालून पुढे महिदपूरकडे आणि तेथून चंबळेकडे वाहते, आणि त्या काठांवरही गावे आहेत.