एका गुरुवारची गोष्ट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात वडिलांकडचे मोडी कागद आहेत. बरेचसे कसरीने खाल्लेले, पण काही अजून धड आहेत. मला मोडी अडखळत का होईना वाचता येते, म्हणून चष्मा लावून बसले. भाचा शेजारी होता. एका कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ'. मी वाचून दाखवलं तसा तो म्हणाला, "आत्या, आपल्या घरच्या कागदात हे उर्दू कुठून आलं?"

उर्दू नव्हे, हे अरबी आकडे आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. सगळे मिळून ११६१. सुहूर सनात जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे असेल तर ६००, की इसवी सन मिळतो. म्हणजे हा कागद १७६०-६१ चा, पानिपत झालं त्या सालचा! भाच्याला त्यातलं पानिपत तेवढं आवडलं. बाकीच्याबद्दल तो म्हणाला, "म्हणजे गुलामगिरीची खूणच की."

मी गप्प बसले. कारण जवळजवळ हेच वाक्य मी स्वतः वर्गात वापरलेलं आहे. त्याचं पुढे सांगते.

आधी सुहूर सनाचं सांगते. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ते साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात. धर्मकार्याला त्याने काही बिघडत नाही, पण शेतसारा कधी गोळा करणार? पीक काही चंद्र बघून येत नाही. म्हणून दक्षिणेत इ.स. १३४४ च्या सुमारास, महंमद तुघलकाच्या काळात, एक नवी मोजणी सुरू झाली. वर्षाचा आकडा तेव्हाच्या हिजरी सनाचा, म्हणजे ७४५, पण वर्ष सौर, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. नाव अरबी, आकडे अरबी आणि सुरुवात आपल्या कुणब्याच्या मृगाला! म्हणूनच त्याला मृगसाल असंही म्हणत. पुढे शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांतही ते चालू राहिलं. आता याला नुसती गुलामगिरीची खूण कसं म्हणायचं?

असे सन जुळवायचे तर इतिहासाच्या अभ्यासकांना एक जुना आधार आहे. 'द इंडियन कॅलेंडर' नावाचं ते पुस्तक १८९६ साली लंडनला छापलं गेलं. हिंदू आणि मुसलमानी तारखा इसवी सनात कशा बदलायच्या, याची कोष्टकं त्यात आहेत. लेखक दोन. एक रॉबर्ट सेवेल, मद्रासकडचे इंग्रज अधिकारी. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातले मास्तर. आज मला सांगायचंय ते या दुसऱ्या माणसाबद्दल.

दीक्षित १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्मले. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजात जाऊन शिकणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत गेल्या आणि जन्मभर त्यांनी शिकवण्याचीच नोकरी केली. आपल्या नाशिकच्या शेजारी धुळ्याला ते ट्रेनिंग स्कूलमध्ये होते. १८९८ साली गेले तेव्हा वयाची पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती. तेवढ्यात त्यांनी सर्वसामान्यांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, अंकगणितावर लिहिलं, पंचांगाच्या वादात सायन पक्षाची बाजू मांडली आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा पाचशेहून जास्त पानांचा ग्रंथ मराठीत लिहिला. दक्षिणा प्राईज कमिटीच्या जाहिरातीवरून लिहायला घेतलेला हा ग्रंथ १८९६ साली पुण्यात आर्यभूषण छापखान्यात छापला गेला. पुढे त्याचं हिंदी आणि इंग्रजी भाषांतर झालं. मराठीतला मूळ ग्रंथ दुसऱ्या भाषांनी मागून घ्यावा, असं आपल्याकडे फार वेळा घडत नाही!

आता गुरुवारची गोष्ट.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथे एका दगडी स्तंभावर बुधगुप्त राजाच्या काळातला लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, असं कोरलेलं आहे. पण १६५ हे कशापासूनचं? गुप्त राजांचा शक नेमका कधी सुरू झाला, यावर एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांचं एकमत होत नव्हतं. कुणी तो शालिवाहन शकाइतका जुना मानी. कनिंगहॅमसारखा जाणता माणूस इ.स. १६६ धरून चालला होता. बेली नावाचे गृहस्थ १९० म्हणत. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांचा घोळ! एवढा घोळ असला की पुढच्यामागच्या राजांचा सगळा क्रमच डळमळतो.

या वादात एक साक्षीदार होता, अल बेरुणी. हा ९७३ साली ख्वारिझममध्ये जन्मलेला मुसलमान ज्योतिषी आणि गणिती. गझनीच्या महमुदाच्या काळात तो हिंदुस्थानात आला आणि संस्कृत शिकला. ब्रह्मगुप्त, वराहमिहिर यांचे ग्रंथ पंडितांबरोबर बसून वाचले आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर एक मोठं पुस्तक अरबीत लिहिलं. त्यात त्याने दोन गोष्टी नोंदवल्या. एक, गुप्तांचा शक हा शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. दुसरी, लोक म्हणतात की गुप्त हे दुष्ट पण बलाढ्य होते आणि ते नाहीसे झाले तेव्हापासून हा शक धरला गेला.

आता विद्वानांची अडचण बघा. शक जर गुप्तांच्या शेवटापासून, तर गुप्त राजे स्वतःच्याच लेखांत तो शक कसा घालतील? मग बेरुणीवर विश्वास ठेवायचा की नाही? काहींनी त्याची गोष्ट धरली आणि आकडा वाकवला. काहींनी त्याची साक्षच बाजूला ठेवली.

फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी तेव्हा गुप्तांचे शिलालेख संपादित करत होते. त्यांना मंदसोरला एक लेख मिळाला. त्यात कुमारगुप्ताचं नाव आणि मालव संवत ४९३, म्हणजे इ.स. ४३६. कुमारगुप्ताची गुप्त शकातली वर्षं आधीच ठाऊक होती. दोन्ही ताडून पाहिलं की शकाचा आरंभ ३१९ च्या आसपास येतो, म्हणजे बेरुणीच्या २४१ वरच! पण ताळा हवा होता आणि तो पंचांगाच्या गणितानेच होणार होता. हे गणित करून दिलं दीक्षितांनी. त्या सुमारास ते बार्शीला मास्तर होते.

एरणचे १६५ अधिक बेरुणीचे २४१ म्हणजे शके ४०६, त्यात ७८ मिळवले की इ.स. ४८४. त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी आली? सूर्य आणि चंद्र यांची स्थानं काढायची, तिथी केव्हा संपते ते बघायचं, वर्ष गत आहे की वर्तमान हे ठरवायचं (इथे एका वर्षाची चूक सहज होते), आणि हे सगळं हाताने. उत्तर आलं २१ जून ४८४, गुरुवार.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला. पाचव्या शतकात दगडावर कोरलेला वार, अकराव्या शतकात एका मुसलमान पंडिताने लिहून ठेवलेला आकडा आणि एकोणिसाव्या शतकात बार्शीच्या एका मास्तराचं गणित, तिन्ही एका गुरुवारी भेटले.

गणिताचे मास्तर लगेच म्हणतील, एक वार जुळणं हा सातात एक योगायोग असू शकतो. बरोबर आहे. म्हणून एकच लेख घेऊन भागलं नाही, इतर लेखांच्या तिथ्याही तपासल्या गेल्या. १८८८ साली फ्लीटचा ग्रंथ आला, त्यात दीक्षितांच्या गणिताचा आधार आहे. तेव्हापासून गुप्त शकाचा आरंभ इ.स. ३१९-२० हा धरला जातो.

आणि बेरुणीची ती गोष्ट? ती सोडून द्यावी लागली. आकडा त्याने पंचांग जाणणाऱ्यांकडून घेतलेला, तो पक्का निघाला. गोष्ट लोकांच्या तोंडून ऐकलेली, ती कच्ची निघाली. माणूस एकच. तो परका म्हणून त्याचा आकडा टाकला नाही आणि तो मोठा म्हणून त्याची गोष्ट गिळली नाही. मला यात दीक्षितांची सगळी रीत दिसते.

हीच रीत त्यांच्या मोठ्या ग्रंथातही आहे. हिंदूंचं ज्योतिष सगळं ग्रीकांकडून उचललेलं आहे, असं काही युरोपीय पंडित म्हणत. दीक्षितांनी त्यांच्याशी पुराव्याने वाद घातला, मुद्द्याला मुद्दा देऊन. पण जे बाहेरून आलं ते बाहेरून आलं, हे सांगायला ते कचरले नाहीत. वर्षफळ सांगण्याची जी ताजिक शाखा आहे, ती मुसलमानांकडून आली हे त्यांनी सरळ लिहिलं. त्यातले इत्थशाल, मुंथा, सहम हे शब्दच अरबी वळणाचे आहेत. आपल्याकडे वाढदिवसाला वर्षफळ मांडणारे किती गुरुजी रोज अरबी बोलतात!

कमलाकराचंही तसंच. त्याचं घराणं आपल्या गोदावरीकाठच्या गोलग्रामचं, पुढे काशीला गेलेलं. १६५८ साली त्याने 'सिद्धांततत्त्वविवेक' लिहिला. सूर्यसिद्धांत म्हणजे देवाचा शब्द, असं मानणारा हा कट्टर माणूस. पण गावांचे रेखांश देताना तो 'खालदात्त' नावाच्या ठिकाणापासून मोजतो. हे अरबांचे खालिदात, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेची बेटं. ध्रुवतारा अगदी स्थिर नाही, तोही हलतो, हेही त्याने लिहून ठेवलंय. समरकंदच्या उलूघ बेगाच्या परंपरेतलं ज्ञान त्याच्यापर्यंत पोचलं होतं. तोंडाने सूर्यसिद्धांत आणि हाताने अरबी कोष्टकं! माणसं अशीच असतात. चांगलं दिसलं की घेतात, कबूल करोत न करोत.

आणि हा रस्ता दुहेरी होता. आठव्या शतकात बगदादच्या खलिफाकडे आपले सिद्धांत गेले आणि त्यांवरून तिथे ग्रंथ झाले. आपली 'ज्या' किंवा 'जीवा' अरबीत गेली, लिहिताना तिचं 'जैब' वाचलं गेलं, लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं आणि शेवटी ती त्रिकोणमितीतली 'साइन' होऊन इंग्रजी पुस्तकातून आपल्याच वर्गात परत आली.

आता माझं राहिलेलं.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. मी सातवीला इतिहास शिकवत होते. भारताने जगाला शून्य दिलं, दशमान पद्धत दिली, ती अरबांमार्फत युरोपात गेली, असं फळ्यावर लिहिलं. जुन्या नाशकातला एक मुसलमान मुलगा मागच्या बाकावरून उठला. "बाई, मग अरबांनी काय दिलं?" मी म्हणाले, "त्यांनी पोस्टमनचं काम केलं." वर्ग हसला. तोही हसला आणि खाली बसला. नंतर त्याने वर्षभर प्रश्न विचारला नाही. आणखी एकदा, सुहूर सन शिकवताना, तो 'परक्या अमलाची खूण' असल्याचंही मी सांगितलं होतं. तेव्हाही तो त्याच वर्गात होता.

मला तेव्हा दीक्षित माहीत नव्हते असं नाही. नाव माहीत होतं, परीक्षेपुरतं. ग्रंथ वाचला नव्हता. निवृत्तीनंतर वाचनालयातून आणून तो सावकाश वाचला, गणिताची पानं बरीचशी सोडून. तेव्हा कळलं की माझ्यासारख्याच, माझ्याहून कमी शिकलेल्या एका मास्तराने त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं. ते मराठीतच होतं. मी शोधलं नाही, इतकंच.

बेरुणीची एक तक्रार होती की इथल्या पंडितांना आपल्या देशाबाहेर विद्या आहे हेच पटत नाही. ती वाचताना राग येतो. पण सातवीच्या त्या वर्गात मी ती खरी करून दाखवली होती. दीक्षितांनी मात्र ती खोटी ठरवली. बेरुणीला उत्तर द्यायला ते बसले नव्हते. त्याचा आकडा तपासायला बसले होते.

तो मुलगा आता चाळिशीच्या आसपास असेल. भेटला तर त्याला एरणचा गुरुवार सांगेन. तोवर भाच्याला सांगितला. तो ऐकून बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आत्या, मला ते आकडे परत एकदा सांग." इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस... दहापर्यंत त्याने लिहून घेतले.

असो. नातलगांना एक विनंती. तुमच्याकडेही माळ्यावर असे कागद असतील. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. मला दाखवा. डोळे आहेत तोवर वाचून देईन.