कट्टा का भरतो, का ओस पडतो



मागच्या शनिवारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याची चौदा वर्षांची मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसलेली. "काय गं, फेसबुकवर काय चाललंय?" असं मी आपलं सहज विचारलं, तर म्हणाली, "काका, फेसबुक आईबाबांचं असतं!" सगळे हसले. मला मात्र परतताना गाडीत तेच आठवत होतं, कारण वीस वर्षांपूर्वी फेसबुक फक्त पोरांचंच होतं. मग जरा मागे जाऊन बघितलं.

सुरुवात फ्रेंडस्टरपासून. जोनाथन अब्राम्सने २००२-०३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ते काढलं. गर्दी एवढी झाली की सर्व्हरला झेपेना, पानं उघडायला वेळ लागू लागला. त्यात लोकांनी गमतीने काढलेली खोट्या नावांची पानं कंपनी पुसू लागली. मंडळी उठली आणि ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झालेल्या मायस्पेसवर गेली. तिथे आपलं पान हवं तसं भडक रंगवा, वर आवडतं गाणं लावा, कोणी विचारणारं नाही. जुलै २००५ मध्ये मरडॉकच्या न्यूज कॉर्पने मायस्पेस ५८ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकून टाकलं.

मध्ये काय झालं? ४ फेब्रुवारी २००४ ला हार्वर्डच्या होस्टेलमध्ये फेसबुक सुरू झालं. मायस्पेसच्या मानाने अगदी साधं, ना रंग ना गाणी. पण आत यायला हार्वर्डचा ईमेल लागे. म्हणजे आतला प्रत्येक जण ओळखीचा, निदान ओळखीच्याच्या ओळखीचा. महिनाभरात तिथले निम्म्याहून जास्त पदवीपूर्व विद्यार्थी आत होते. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल, असं एकेक कॉलेज. २००५ मध्ये हायस्कूल, आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं.

मला यात आपला कॉलेजचा कट्टा दिसतो. कट्टा किती लांबरुंद आहे हे कोणी बघत नाही. आपले चार जण तिथे बसलेत का, एवढंच बघतात.

फेसबुकच्याच वर्षी, जानेवारी २००४ मध्ये आलेलं ऑर्कुट इथे फारसं चाललं नाही, पण ब्राझीलमध्ये आणि भारतात तुफान चाललं. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल अर्धी असायची, पण कोणी कोणाला काय स्क्रॅप टाकला हे सगळ्यांना माहीत असायचं! पुढे वर्ग उठून फेसबुकवर गेला, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्याच गूगलने जून २०११ मध्ये गूगल प्लस काढलं होतं. पैसा, सर्व्हर, हुशार माणसं, कशाची कमी नव्हती. लोकांनी खाती उघडली, पण गप्पांना कोणी बसेना. एप्रिल २०१९ मध्ये त्यालाही कुलूप लागलं.

तोवर फेसबुकवर आई, मावशी, आत्या सगळ्या पोचल्या होत्या. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या पोरांनी स्नॅपचॅट काढलं. फोटो बघितला की गायब. ते पहिल्यांदा रुजलं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळकरी पोरांमध्ये, आणि वापर सर्वांत जास्त शाळेच्या वेळात! कट्ट्यावर बोललेलं कट्ट्यावरच राहावं, ही जुनीच सोय त्यांना फोनवर मिळाली.

अमेरिकेत या सोयीची गरज जास्त का, हे डॅना बॉइड या संशोधक बाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात छान मांडलंय. आपण संध्याकाळी चपला घालून नाक्यावर जायचो. इथल्या सबर्बमध्ये मैत्रिणीकडे जायचं तरी आईची गाडी लागते, आणि आईला वेळ नसतो. मग पोरं फोनवरच भेटतात. व्यसन ॲपचं वाटतं, पण ओढ बरीचशी एकमेकांची असते.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. माझी काळजी पुढची आहे. शांघायमध्ये २०१४ साली सुरू झालेलं म्युझिकली ऑगस्ट २०१८ मध्ये टिकटॉकमध्ये मिसळलं. टिकटॉकला मित्र लागतच नाहीत. उघडलं की व्हिडिओ सुरू, आणि तुम्ही कुठे किती सेकंद थांबलात ते बघून पुढचा ठरतो. जून २०२० मध्ये भारताने टिकटॉकवर बंदी घातली, पण तोच प्रकार इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये आणि यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये आला. इंजिनिअर म्हणून मी या यंत्राला सलाम करतो. पण हा कट्टा नव्हे, हा टीव्ही झाला, आणि हा टीव्ही उलटा आपल्याकडे बघतो.

म्हणून "किती तास फोन?" यापेक्षा "कोणाबरोबर?" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. मित्राच्या मुलीला मी तोच विचारला. म्हणाली, "बँडमधल्या चौघी आहोत." आणि त्यानंतर? "मग नुसतं स्क्रोल." तिला स्वतःलाच फरक कळत होता.

पुढच्या शनिवारी त्या चौघींना गाडीतून एकत्र आणायची जबाबदारी मित्राने घेतली आहे. बघू या. तुमच्या घरचे अनुभव जरूर लिहा.

चूभूद्याघ्या.