पुराव्यावर आधारित परिचर्या

रुग्णसेवेतील प्रत्येक कृतीमागे केवळ परंपरा, सवय अथवा वरिष्ठांचा शब्द नसावा. उपलब्ध सर्वोत्तम संशोधन, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ असावा, हे पुराव्यावर आधारित परिचर्येचे तत्त्व होय. डॉ. डेव्हिड सॅकेट व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वैद्यकशास्त्रासाठी ही भूमिका मांडली. तिचे बीज मात्र क्रिमियन युद्धातील मृत्यूंची आकडेवारी मांडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यात आढळते.

पाच पायऱ्या

नेमका प्रश्न विचारणे, पुरावा शोधणे, त्याची विश्वासार्हता तपासणे, तो रुग्णसेवेत उतरविणे आणि परिणाम मोजणे, अशा या पाच पायऱ्या आहेत. प्रश्नात रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित फळ काय, हे स्पष्ट हवे.

सलाईनच्या सुईचे उदाहरण

हातातील सलाईनची सुई तीन-चार दिवसांनी बदलावी, हा जुना प्रघात. ऑस्ट्रेलियातील तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुई ठरावीक काळाने बदलली काय किंवा गरजेनुसार बदलली काय, शिरेला सूज येण्याचे प्रमाण सुमारे सात टक्केच आढळले. पुढे २०२१ मध्ये जिनिव्हा येथील रुग्णालयाच्या नोंदींतून मात्र गरजेनुसार बदलण्याच्या काळात रक्तातील जंतुसंसर्ग वाढल्याचे दिसले. म्हणूनच एकाच अभ्यासावर विसंबून न राहता रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती पाळणे, प्रत्येक पाळीत सुईची जागा पाहणे आणि नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्राचे योगदान

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे शिक्षण दिले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला हा पुरावा आपल्याच मातीतील आहे.

सातारा-सांगलीतील शिक्षण

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून कृष्णाकाठी आधुनिक रुग्णसेवेची परंपरा आहे. आज कराडची कृष्णा परिचर्या संस्था व सांगलीचे भारती विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय येथे पदवी शिक्षण मिळते. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय आहे. तो केवळ परीक्षेपुरता राहू नये, यासाठी वॉर्डातील प्रश्नच अभ्यासाला घ्यावा. महिन्यातून एकदा एक शोधनिबंध एकत्र वाचणे, ही सोपी सुरुवात ठरेल.

अडचणी आहेतच. अपुरे मनुष्यबळ, इंग्रजी शोधनिबंधांची भाषा आणि ‘आजवर असेच चालत आले’ ही वृत्ती आड येते. वाचनासाठी वेळ आणि ‘हे का करायचे?’ असे विचारण्याची मोकळीक रुग्णालयांनी दिली, तरच पाठ्यपुस्तकातले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल.